कोकणातला ट्रेलर जानेवारीत किन्नौर-स्पितीला न्यायचा तर

खाडीकाठ (धागाकर्ता)

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रत्नागिरीहून निघून शिमला, रामपूर, रेकाँग पिओ आणि रस्ता चालू असेल तर काझा, असा बेत आहे. पाच-सहा रात्री शून्याखालच्या धरल्यात, त्यातल्या दोन उणे पंधरा ते वीसच्या. राहायचा ट्रेलर (कॅराव्हॅन) आजवर आरे-वारे, गुहागर, तारकर्ली एवढ्याच पट्ट्यात फिरलेला आहे. त्याची थंडी म्हणजे पहाटे १८ अंश.

माहिती देतो म्हणजे उत्तरं नेमकी येतील. एक आस, अंग ५ मीटर लांब, २ रुंद, आतून उंची २. भिंतीत २५ मिमी थर्माकोल, दोन्हीकडून प्लाय, बाहेर पत्रा. ८० लिटरची टाकी चॅसीखाली, १० लिटरचा गिझर, १२ व्होल्टचा पंप. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १५० वॉटची दोन सोलर पॅनेलं सिरीजमध्ये. स्वयंपाकाला गॅस. हीटर नाही, ५ किलोवॉटचा डिझेल हीटर घ्यायच्या विचारात आहे. गाडी डिझेल, बीएस-६. माणसं दोन.

पाणी, उष्णता, गॅस, बॅटरी. कुठून सुरुवात करू?

नळकोंडाळं

पाण्यापासून, कारण खर्चाला तेच घालतं. स्पष्ट सांगतो, या सहलीत ट्रेलरचे नळ वापरायचेच नाहीत. थंड देशांसाठी बांधलेल्या ट्रेलरमध्ये टाक्या गरम पोकळीत असतात आणि नळ्यांच्या शेजारून हीटरची हवा फिरवलेली असते. तुमची टाकी खाली उघडी लटकते. तिला काहीही गुंडाळा, उणे पंधराच्या रात्रीत फक्त गोठायला उशीर होईल.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण नळी बर्फ असतो तिथे फुटतेच असं नाही. बर्फाचा बोळा एका जागी धरतो, वाढत जातो आणि त्याच्या नि बंद तोटीच्या मध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढतो. फुटतं ते तिकडे, बहुधा सांध्यावर. म्हणून रिकामं केल्यावर एकही तोटी बंद ठेवायची नाही.

हे काम रत्नागिरीतच, अंगणात उरकून निघा. क्रम असा:

१. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. मग गरम पाण्याची एक तोटी उघडून दाब घालवा, त्यानंतरच खालचं बूच काढा. दाबाखाली बूच काढलं तर पाणी थेट अंगावर येतं.

२. टाकीचा निचरा उघडा. नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी दोन निचरे असतात, गार आणि गरम. तेही उघडा. ट्रेलरचं नाक आधी वर, मग खाली करा. सपाट उभ्या ट्रेलरमध्ये लिटरभर पाणी सहज उरतं.

३. बाहेरून पाणी जोडायच्या तोंडाला हवेचा व्हॉल्व्ह बसवून कॉम्प्रेसर लावा. हवा ३० ते ३५ पीएसआय, ४० च्या वर नाही. एका वेळी एकच तोटी उघडायची, सर्वांत लांबची आधी. गार वेगळी, गरम वेगळी. शॉवर, बाहेरचा शॉवर आणि संडासाचा फ्लश हे तीन हमखास विसरतात.

४. पंपाच्या तोंडाशी जाळीची वाटी असते. ती फिरवून काढा, पुसा. पंपाच्या आधी ही वाटीच तडकते.

५. आता प्रोपिलीन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट इथे ओतायचं नाही. ते एथिलीन ग्लायकॉल असतं आणि विषारी आहे. खाद्य दर्जाचं प्रोपिलीन ग्लायकॉल रसायनांच्या दुकानात कॅनने मिळतं. घनफळाने अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी केलं की गोठणबिंदू उणे तेहतीसच्या आसपास जातो. तीस टक्के घेतलं तर उणे तेराच्या आसपास, म्हणजे तुम्हाला अपुरं. नळीत उरलेलं पाणी त्यात मिसळणार, म्हणून साठ टक्क्यांनीच सुरू करा. गिझरला बायपास (गिझर टाळून पुढे नेणारी नळी) नसेल तर आधी बसवून घ्या, नाहीतर दहा लिटर त्याच्याच पोटात जाईल. पंपाची ओढणारी नळी कॅनमध्ये सोडून एकेक तोटी उघडायची. द्रव रंगहीन असतो, तेव्हा त्यात खायचा लाल रंग टाका, म्हणजे तोटीतून पाणी येतंय की ग्लायकॉल ते कळतं. एवढ्या ट्रेलरला ६ ते ८ लिटर लागतं.

६. सिंक आणि शॉवरखालच्या वाकड्या नळीत कप-कप ओता.

राहायला पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये, पाऊण भरून, आत. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ६ लिटर धरा. बाटल्या रात्री उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरून धरतो, सकाळी बूच मोकळं राहतं. आणि झोपण्याआधी एक पातेलं भरून शेगडीवर ठेवा. कॅन गोठले तरी पातेल्याखाली जाळ करता येतो.

सांडपाणी सिंकखाली बादलीत. टाकीची झडप उघडी ठेवून थेंबथेंब बाहेर सोडलं तर पाइपात थरावर थर बर्फ चढतो आणि पाइप भरीव होतो.

सुरंगी

पाण्याचं झालं. ओल राहिली, आणि कोकणातली माणसं नेमकी तिथे फसतात. आपल्याकडे ओल बाहेरून आत येते म्हणून आपण फटी बुजवतो. तिकडे बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते आणि ओल आपणच आत तयार करतो.

हिशेब बघा. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसं, दहा तास, म्हणजे ८०० ग्रॅम. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, त्यामुळे चहा-जेवणात २०० ग्रॅम गॅस गेला तरी आणखी तीनशे ग्रॅम. भाताची वाफ वेगळी. हे सव्वा लिटर खिडकीच्या काचेवर, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, पत्र्यातून आत आलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि गादीखाली जाऊन बसतं. पहाटे त्याचा बर्फ, दुपारी त्याचं पाणी.

उपाय जुनाच: वरची झडप बोटभर उघडी आणि खाली कुठेतरी तेवढीच फट. दोन्ही हव्यात, नुसतं वरचं उघडून हवा चालत नाही. शिजवताना झाकण ठेवा आणि पंखा लावा. गादीखाली पट्ट्यांची जाळी किंवा काथ्याची चटई, गादी थेट प्लायवर नको. ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे गारठ्यात फारच मंद चालतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

दुसरा मुद्दा भिंतीचा. चार महिने कोकणचा पाऊस खाल्लेल्या प्लायमध्ये पाणी मुरलेलं असतं. छताच्या कडेचा, झडपेभोवतीचा, मागच्या दिव्यांभोवतीचा प्लाय आर्द्रतामापकाने तपासा. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर तो ट्रेलर थंडीत नेऊ नये. मुरलेलं पाणी गोठतं, सुटतं, पुन्हा गोठतं आणि प्लायचे पापुद्रे उकलतात. बाहेरून पत्र्याला फुगवटा दिसेपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं. दिवाळीनंतरच्या उन्हात सगळी कपाटं उघडून, गाद्या बाहेर काढून महिनाभर वाळवा, गळती शोधा, मगच सीलंट मारा. ओल्यावर सीलंट मारलं तर ओल आत कोंडली.

खाडीकाठ

सुरंगीताई, छताच्या मागच्या कोपऱ्यात २४ येतोय. म्हणजे आधी तेच काम.

झडपा उघड्या ठेवल्या तर उष्णता निघून नाही जाणार? ५ किलोवॉट म्हणूनच म्हणत होतो.

भट्टीवाला

५ घेऊ नका. आकडेमोड करू.

छत १०, जमीन १०, लांबीच्या भिंती २०, पुढची-मागची ८, एकूण ४८ चौरस मीटर. २५ मिमी थर्माकोल आणि प्लाय धरून दर चौरस मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण १.२ वॉट गळतात. आत १० अंश, बाहेर उणे १५, फरक २५. गुणाकार १४४० वॉट. खिडक्या, फटी आणि सुरंगीताईंच्या झडपा मिळून अजून अडीचशे-तीनशे. म्हणजे पावणेदोन किलोवॉट. २ किलोवॉटचा हीटर पुरतो, अगदी काठावर, पण पुरतो.

पाचचा हीटर सतत मंद आचेवर चालवावा लागेल आणि मंद आचेवर डिझेल नीट जळत नाही. काजळी धरते, ग्लो प्लगची (डिझेल पेटवणाऱ्या तापत्या प्लगची) जाळी बुजते, तिसऱ्या रात्री पेटत नाही. उंचीवर हे दुप्पट त्रासाचं. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६४ टक्के. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे धूर. उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घ्या आणि घेतानाच ती कशी चालू होते ते विचारून ठेवा. उंचीवर त्याची ताकदही घटते, तेव्हा आत १० च्या जागी ६-७ अंशांची तयारी ठेवा. चांगली रजई हीटरपेक्षा स्वस्त पडते.

खर्च: लिटरमागे हाती येणारी उष्णता सुमारे ८ किलोवॉट-तास. बारा तासांच्या रात्रीला अडीच लिटर. हीटरला वेगळी टाकी द्या, गाडीच्या टाकीतून ओढू नका.

बसवताना: धुराचा पाइप पूर्ण बाहेर, वाऱ्याच्या पाठीकडे, खिडकी आणि हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब. पाइपचं तोंड किंचित खाली, नाहीतर आतलं पाणी साचून गोठतं. ट्रेलरच्या पोटाभोवती ताडपत्रीचा घेर बांधाल, बांधावाच, वारा खालून जमीन गार करतो. पण धुराचं तोंड त्या घेराच्या बाहेर आलंच पाहिजे. बर्फ पडला की दर तीन-चार तासांनी तोंड मोकळं आहे का बघा.

बंद करताना बटणानेच बंद. तो दोन-चार मिनिटं पंखा चालवून स्वतःला गार करतो. वायर उपटून बंद केला तर आतली उष्णता सर्किटला खाते. रोज बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर चालवला तर काजळी जळून जाते.

खिडक्यांना आतून थर्माकोल किंवा फोमचे कापलेले तुकडे घट्ट बसवा. पडदा शोभेचा. पडद्यामागे काच गार होते आणि पाणी तिथेच धरतं.

मचवा

गॅसबद्दल. आपला एलपीजी प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. थंडीत सिलिंडरमधून आधी प्रोपेन निघून जातो आणि मागे ब्युटेन उरतो. म्हणून नवा सिलिंडर दोन दिवस ठीक चालतो आणि अर्धा झाला की आत द्रव खळखळतो, पण शेगडीवर आच नाही. गॅस संपला समजून लोक अर्धा भरलेला सिलिंडर परत देतात!

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेन थोडा आणखी खाली, साधारण उणे १२ पर्यंत उकळतो, पण रेग्युलेटरला लागणारा दाब त्यातून मिळत नाही. शिवाय वाफ होताना द्रव स्वतः गार होतो, त्यामुळे सिलिंडरच्या आतलं तापमान बाहेरपेक्षाही खाली जातं.

सिलिंडरला घोंगडी गुंडाळू नका. त्याला उष्णता मिळते ती बाहेरच्या हवेतूनच, घोंगडीने तीही बंद होते. स्वयंपाकाआधी सिलिंडर पसरट घमेल्यात उभा करून त्यात कोमट पाणी, हाताला सहज सोसेल एवढंच. उकळतं पाणी, ज्योत, ब्लोअर यातलं काहीही नाही.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरीच राहू दे. प्रवासाला ५ किलोचे दोन घ्या, इंडेनचा ‘छोटू’ पंपावर मिळतो. एक चालू, एक ताजा. ब्युटेनच्या डबीवर चालणारी छोटी शेगडी नेऊच नका. गारठ्यात ती लायटरसारखीच पेटत नाही. काडेपेटी ठेवा, दोन, प्लास्टिकमध्ये.

सिलिंडरच्या खणाला तळाशी भोक असतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तिथून खाली जावा म्हणून. बर्फाने किंवा तुमच्या ताडपत्रीने ते बुजलं तर गळलेला गॅस आत येणार. रोज काठी घालून बघा.

सुरंगी

यात एक जोडते. शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही आणि कोळशाची अंगीठी तर उंबऱ्याच्या आत घ्यायचीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. अलार्म बिछान्याजवळ, झोपल्यावर नाक असेल त्या उंचीला. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीलगत. एकच यंत्र दोन्ही कामं करतं असं दुकानदार सांगेल, पण जागा दोन आहेत.

डोकं दुखणं आणि मळमळ ही उंचीच्या त्रासाचीही लक्षणं. ‘उंची लागली असेल’ म्हणून झोपून राहू नका. आधी दार उघडा, बाहेर या, मग ठरवा.

वायरमन_दा

खाडीकाठ, पॅनेलं सिरीजमध्ये म्हणालात. पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर किती व्होल्टचा?

खाडीकाठ

५० व्होल्ट. पॅनेलच्या पाठीवर ओपन सर्किट (काही न जोडता) २२.५ व्होल्ट लिहिलंय. दोनांचे ४५ होतात, बसतं.

वायरमन_दा

रत्नागिरीत बसतं. तो आकडा २५ अंशांचा आहे. पॅनेल गार झालं की व्होल्टेज चढतं, अंशाला साधारण ०.३ टक्के. उणे २० ला ४५ अंशांचा फरक, म्हणजे साडेतेरा टक्के. ४५ चे ५१ झाले. लख्ख उजाडल्यावर पॅनेल अजून गारच असतं, त्या पहिल्या दहा मिनिटांत कंट्रोलर जातो. पॅरलल जोडा किंवा १०० व्होल्टचा कंट्रोलर घ्या. पॅरलल करणार असाल तर वायरची जाडी बघा, प्रवाह दुप्पट होतो.

बॅटरी: लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याखाली वापरायला हरकत नाही, चार्ज करायची नाही. शून्याखाली चार्ज केलं की लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर जमतं. क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्टचा धोका. चांगल्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडायची सोय असते, स्वस्तात नसते. कागद बघा, तोंडी खात्रीवर जाऊ नका. बॅटरी बाकाखाली आत घ्या, हीटरच्या हवेच्या वाटेवर. गाडीच्या अल्टरनेटरकडून येणारी चार्जिंगची वायरही लक्षात ठेवा, ती सकाळी गाडी सुरू होताच चार्ज करायला लागते. स्विच टाकून तोडून ठेवा, आत ५ अंश झाल्यावर जोडा.

गाडीची लेड-ॲसिड बॅटरी उलट स्वभावाची. भरलेली असेल तर या थंडीत गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपास गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंप लावायचा नाही, ती फुटते.

हीटरचा पंखा रात्रीत २०-२५ अँपिअर-तास खातो, पेटताना काही मिनिटं ८-१० अँपिअर. बाकीचा वापर धरून शंभरची बॅटरी दोन रात्री ओढेल. तिसऱ्या दिवसाची सोय पॅनेलवर सोडायची तर ते उभं करा. काझात जानेवारीत दुपारचा सूर्य क्षितिजावर सदतीस अंशांच्या आतबाहेरच येतो. छतावर सपाट पडलेलं पॅनेल चाळीस टक्के वाया घालवतं, वर बर्फही तिथेच साचतो.

पानापक्कड

मंडळी बर्फाचं बोलताहेत, मी गंजाचं बोलतो. समुद्रकाठी वाढलेल्या ट्रेलरचा थंडीत पहिला बळी हँडब्रेकची केबल. खाऱ्या हवेने आवरण तडकलेलं असतं, आत पावसाचं पाणी. रात्री हँडब्रेक लावून झोपलात की सकाळी केबल आतून गोठलेली, चाक जाम. केबल नवी टाका. ती टाकली तरी थंडीत हँडब्रेक लावूच नका, चाकांना दोन्हीकडून लाकडी ओटण (ठोकळे) लावा.

बेअरिंग उघडून धुवा, ग्रीस बदला. जुन्या ग्रीसला दुधट रंग असेल तर त्यात पाणी गेलंय. सात पिनांचा प्लग आणि सॉकेट घासून साफ, डायइलेक्ट्रिक ग्रीस. दाराच्या नि झडपांच्या रबराला सिलिकॉन, नाहीतर दार गोठून चिकटतं आणि जोर लावला की रबर सुटून येतं. कुलपात ग्रॅफाइटची पूड, तेल नको. कपलरचा (ट्रेलर गाडीला जोडतो त्या कडीचा) खटका पूर्ण बसतो का ते रोज हाताने बघा. बर्फाचा खडा आत असला की बसल्यासारखा वाटतो.

जॅकच्या पायाखाली फळ्या द्या. थेट जमिनीवर टेकवले तर गोठून धरतात.

टायर: तापमान दहा अंश उतरलं की हवा साधारण दोन पीएसआय उतरते, म्हणून वर पोचल्यावर हवा भरून घ्या.

भट्टीवाला

पानापक्कड, इथे थोडं थांबा. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. रत्नागिरीत ३० अंशांना ५० भरलेल्या टायरमध्ये एकूण दाब ६४.७. उणे १५ ला तो ५५ होतो. समुद्रकाठी असतो तर गेजवर ४० दिसले असते. काझात बाहेरचा दाब १४.७ नसून ९.३ च्या आसपास, म्हणून गेज दाखवेल ४५-४६. तूट पाचाची, दहाची नाही.

पानापक्कड

मान्य. मग खरी काळजी उतरतानाची. वर ५० भरून चंदीगडला आलात, तर ऊबेने आणखी चढून गेजला ५० च्या बरंच वर दिसेल असं नाही, उंची उतरल्याने काही कमी होईल. पण धरून चालू नका. रामपूरला एकदा, मैदानात एकदा, सकाळी गार टायरवर मोजा.

घाटमाथा

डिझेल आणि कूलंट कोणी बोललं नाही.

डिझेलमधलं मेण थंडीत गोठून गाळणी तुंबते. आपल्याकडच्या मानकात गाळणी तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. म्हणजे रत्नागिरीत भरलेल्या डिझेलकडून उणे पंधराची अपेक्षाच चूक. टाकी रिकामी होत आणत शिमल्यापुढे, स्थानिक पंपांवर भरा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी काढलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ पर्यंत वाहतं, ते जिथे मिळेल तिथे घ्यावं. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला बीएस-६ गाडीत लागू नाही, इंजेक्शन आणि धुराची यंत्रणा दोन्ही बिघडतात. हीटरच्या टाकीलाही हेच डिझेल.

कूलंट: कोकणात वर्षभर नुसतं पाणी ओतत गेलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने) तपासा. निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत चिंता नाही. एक तृतीयांशच उरलं असेल तर उणे सतरा-अठरा, म्हणजे तुमच्या रात्री काठावर. काच धुवायच्या टाकीत साधं पाणी ठेवू नका.

आता रस्ता. मनालीकडून कुंझुम घाट हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा किन्नौरमार्गे जायचं नि त्याच वाटेने यायचं. तरांड्याजवळ कडा डोक्यावर आलेला आहे, तरी बस जाते तिथे ट्रेलर जातो. प्रश्न समोरून बस आल्यावर मागे घेण्याचा. नाकोच्या पुढे सावलीतल्या वळणांवर बर्फाचा काचेसारखा थर असतो. गाडीला चेन लावल्या तरी मागचे ११०० किलो ढकलत राहतात, आणि ट्रेलरच्या ब्रेक असलेल्या चाकांना चेन नसेल तर उतारावर शेपूट पुढे यायला बघते. पहिल्या हिवाळ्यात ट्रेलर रेकाँग पिओला ठेवावा, पुढे गाडी किंवा बस. ‘येवा, काझा आपलोच आसा’ हे उन्हाळ्यात.

आणि एकदम तिकडेच निघू नका. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला, वेण्णा तलावाच्या बाजूला थंडीच्या लाटेत दोन रात्री काढा. मोकळ्या आभाळाखाली जमीन हवेपेक्षा जास्त गार होते, म्हणून हवा तीन-चार अंशांवर असतानाही तिथे दहिवर गोठतं. नळ फुटण्याएवढी थंडी नाही, पण काचेवर किती पाणी धरतं, हीटर किती पितो, बॅटरी किती उतरते हे सगळं तिथेच कळेल.

आगळवेगळा

जेवणाबद्दल थोडं. काझात पाणी ८७-८८ अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. कुकर हवाच, आणि कुकरमध्येही तापमान १२० ऐवजी ११५ च्या आसपास राहतं, म्हणून उकड्या तांदळाला घरच्या दीडपट वेळ द्या किंवा सरळ सुरय (न उकडलेला) तांदूळ न्या. दोन तास आधी भिजवून ठेवला तर गॅस वाचतो, मात्र भिजवलेलं भांडं हीटरजवळ ठेवा.

खोबरेल २४ अंशांखालीच थिजतं, तेव्हा फोडणीला शेंगदाण्याचं तेल. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मिठामुळे सहजी गोठत नाही, नारळाचं दूध गोठतं आणि नंतर फुटतं. सोलकढीऐवजी फुटी कढी करा. भाज्या, अंडी आणि औषधं रात्री फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीज बंद करून. त्याचं इन्सुलेशन गोठण्यापासून वाचवायच्या कामी येतं.

नळकोंडाळं

संडासाचं राहिलं. कॅसेटमध्ये (खालच्या काढता येणाऱ्या टाकीत) पाणी घालू नका, अर्धा लिटर ग्लायकॉल घाला. त्याहून सोपं म्हणजे सुकं ठेवणं. स्पितीतल्या घरांमध्ये हिवाळ्यात कोरडेच संडास असतात. बादली, जाड पिशवी आणि दर वेळी दोन मुठी भाताचं तूस किंवा काथ्याचा भुसा. कोकणातून पोतंभर तूस न्या, गिरणीवर फुकट मिळतं, वजनही नाही.

खाडीकाठ

छताचं काम आधी, प्लाय १५-१६ वर आला की सीलंट. हीटर २ किलोवॉट. पॅनेलं पॅरलल. हँडब्रेकची केबल नवी. ट्रेलर पिओपर्यंत. एकच शंका, छतावर बर्फ साचला तर किती सोसेल?

भट्टीवाला

छत १० चौरस मीटर. वीतभराहून थोडा जास्त, ३० सेंमी ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे ३ घनमीटर, वजन दीडशे ते तीनशे किलो. तेवढ्याच जाडीचा बसलेला ओला बर्फ असेल तर ९०० च्या घरात. तुमच्या छताला ते झेपणार नाही, त्यात मागचा कोपरा आधीच ओला. वीतभर झाला की लांब दांड्याच्या मऊ झाडूने खाली ओढा, फावडं लावू नका. छतावर चढू नका. दारावरची कापडी चांदणी रात्रीची उघडी ठेवू नका.

सुरंगी

परत आल्यावर लगेच झाकून ठेवू नका. ग्लायकॉल काढायला टाकी दोन-तीनदा भरून सगळ्या तोट्यांतून सोडा, फेस आणि गोडसर चव जाईपर्यंत. मग पंप लावून दाब चढवा, तोट्या बंद करा आणि अर्धा तास ऐकत बसा. कोणी पाणी वापरत नसताना पंप मध्येच गुरगुरला तर कुठेतरी सांधा गेलाय. तो मे महिन्यात शोधा, पावसात सापडत नाही.